विरजणापुरतं दही

पत्राचा सारांश (गाव, वयं आणि काही तपशील बदलले आहेत):

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीतून पन्नाशीजवळच्या एका गृहिणीने पत्र लिहिलं आहे. घर सामायिक, चुली दोन. धाकटा दीर मुंबईत हॉटेलात कामाला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याची नोकरी गेली. तो बायको आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गावी आला, मध्ये चार महिने परत गेला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सगळे आले. मधली भिंत फळ्यांची, रात्रीचं सगळं ऐकू येतं. तौक्ते वादळानंतर पाच दिवस वीज नव्हती. त्यातल्या एका सकाळी विहिरीवर धाकट्या जावेने पदर बाजूला करून मान दाखवली. बोटांचे वळ होते. नको म्हटलं तरी रात्री जबरदस्ती होते, पाळी लांबली आहे, असंही तिने सांगितलं आणि म्हणाली, ‘वयनी, कोणाक सांगू नकात.’ पत्र लिहिणाऱ्या ताईंचे मिस्टर म्हणतात, भावाच्या संसारात पडू नको. सासूबाई म्हणतात, देवळात नारळ ठेवून दारू सोडायची शपथ घ्यायला लावू. जाऊ फेब्रुवारीत माहेरी गेली होती, आठ दिवसांत परत आली. ताई विचारतात: लॉकडाऊन उठून ते मुंबईला गेले की हे थांबेल ना? ती स्वतःच परत आली, तर आपण मध्ये पडावं का? पोलिसांना तिच्या नकळत कळवू का? आणि नवराच असल्यावर त्या ‘जबरदस्ती’ला काय म्हणायचं?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात दारूवर, नोकरीवर, सासूबाईंच्या स्वभावावर बरंच लिहिलेलं आहे. मानेवरच्या वळांवर एकच ओळ आहे. मी त्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकी गोष्टींना थोडा वेळ आहे, या गोष्टीला नाही.

गळ्यावर हात गेला की मामला वेगळा होतो. मार खाणाऱ्या बायकांना मदत करायच्या कामात असलेली कुठलीही बाई तुम्हाला हेच सांगेल. ज्या बाईचा नवऱ्याने एकदा गळा दाबला, तिच्या जिवाला पुढे असलेला धोका कितीतरी पटींनी वाढतो. वरून वळ फिके पडले तरी आतून सूज येऊ शकते, आणि ती कधी कधी दोन दिवसांनी त्रास द्यायला लागते. म्हणून तिला एकटीला गाठून विचारा: आवाज बसला होता का? गिळताना दुखतंय का? डोळ्यांत लाल ठिपके दिसले का? त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध गेली, कपड्यात लघवी झाली, असं काही? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर डॉक्टरांना दाखवायचंच. पुन्हा कधी गळ्याला हात लागला तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून गाडी बोलवायची.

गळ्यासारख्याच आणखी काही खुणा आहेत. कोयता किंवा सुरी दाखवणं, ‘तुला संपवीन आणि मीही विहिरीत उडी घेईन’ असं बोलणं, ती गरोदर असणं, आणि मारण्यातलं अंतर महिन्यावरून आठवड्यावर, आठवड्यावरून दिवसावर येणं. यातलं काही दिसलं तर ‘कोणाक सांगू नकात’ हा शब्द पाळायचा नाही. पण तो मोडणार आहात हे तिला आधी, तोंडावर सांगून ठेवा: ‘बाकी सगळं माझ्या पोटात राहील. तुझ्या जिवावर बेतलं तर मात्र मी गप्प बसणार नाही.’ मग ऐनवेळी तिला विश्वासघात वाटणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, लॉकडाऊन उठला की थांबेल ना?

मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगते. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, तेव्हा मदतीसाठी येणारे फोन वाढतील असं मला वाटलं होतं. पहिल्या दहा-बारा दिवसांत माझा फोन जवळजवळ गप्प झाला. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच चोवीस तास दोन हातांवर बसलेला, तर बाई बोलणार कुठून? मग मिस्ड कॉल यायला लागले. पहाटे साडेचारला, भर दुपारी, एक रिंग आणि बंद. उलट फोन करायची माझी हिंमत होत नसे, कारण पलीकडे फोन कोणाच्या हातात असेल कोण जाणे. राष्ट्रीय महिला आयोगालाही त्याच वर्षी १० एप्रिलला खास व्हॉट्सअ‍ॅप नंबर सुरू करावा लागला, बोलता येत नसेल तर निदान लिहून पाठवता यावं म्हणून.

तेव्हापासून एक समज पसरला आहे की कोरोनाने, बेकारीने पुरुष मारकुटे झाले. तो समज मला पटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याचा हिंसाचार सोसल्याचं सांगितलं आहे, आणि आपल्या राज्यातली ती पाहणी २०१९ मध्ये, कोरोना यायच्या आधी झालेली होती. साथीने जे केलं ते असं की बाईच्या बाहेर पडायच्या वाटा एकेक करून बुजवल्या. एसटी बंद. आठवडी बाजार बंद. बचत गटाची बैठक नाही, भजन नाही. मुलीला शाळेत सोडायला जाताना दोन बायका भेटायच्या, ते नाही. माहेरी जायचं तर तपासणीचा कागद दाखवा. आणि दीर तिला काय म्हणतात, तुम्हीच लिहिलंय: ‘खोकलीस तर सांगतो सगळ्यांना तुला झालाय, नेऊन टाकतील सेंटरात.’ रोगाचं नाव घेऊन धाक घालायची सोयही त्यांना मिळाली.

आणि तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ‘लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदोनदा हात उचललेला म्हणे.’ ताई, तेव्हा लॉकडाऊन नव्हता. नोकरी होती. मुंबईला परत गेल्यावर काम मिळेलही, पैशाची ओढाताण कमी होईलही. पण तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीपलीकडे कोण असेल? आज तुम्ही आहात. म्हणून ‘ते गेले की सुटलो’ असं वाटत असेल तर तो सुटकेचा श्वास तुमचा असेल, तिचा असेलच असं नाही. मला हे कठोर वाटतंय लिहिताना, पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहिते.

दारूच्या शपथेचंही तसंच. सासूबाईंच्या श्रद्धेचा मला आदर आहे. देवापुढे नारळ ठेवून घेतलेला शब्द मोडायला माणूस कचरतो, हे आपल्याकडे खरं आहे. पण तो शब्द दारूचा असेल, हाताचा नाही. पिऊन आल्यावर त्यांनी कधी पोलीस पाटलांच्या अंगावर हात टाकला आहे का? दुकानदाराच्या? कोणावर हात टाकायचा आणि कोणावर नाही, एवढी शुद्ध त्यांना असते. दारू सुटली तर चांगलंच आहे. तिची सुरक्षितता मात्र त्या नारळावर ठेवू नका. आणि कृपा करून तिलाही त्या देवळात उभं करून ‘मीही उलट बोलणार नाही’ असं वदवून घेऊ नका. मी हे होताना पाहिलं आहे. मार खाल्लेल्या बाईने मार खाल्ल्याबद्दल देवापुढच्या गाऱ्हाण्यात क्षमा मागायची, हे देवालाही आवडत नसणार.

ती माहेराहून आठ दिवसांत परत का आली, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. तुम्ही कारण गृहीत धरलंत: तिला चालतंय. परत येणाऱ्या बायका मला जी कारणं सांगतात त्यात ‘चालतंय’ हे कारण मी अजून ऐकलेलं नाही. भावजय ताट वाढताना आवाज करते. मुलगी बापासाठी रडते. मुलीची शाळा ज्या मोबाइलवर चालते तो नवऱ्याकडे राहिला. तो रोज फोन करून रडतो, आणि खरंच रडतो. आईच म्हणते, जा बाई, आता वय झालं आमचं. यातलं तिचं कोणतं, ते तीच सांगेल. शिवाय मारणाऱ्या माणसापासून निघण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो. पाखरू हातातून जातंय हे कळल्यावर तो जास्त घट्ट धरतो. बाईला हे पुस्तकात वाचावं लागत नाही, तिला अंगावर कळतं. तिचं परत येणं हा तिचा त्या दिवसापुरता हिशेब होता. तो हिशेब आपल्याला चुकीचा वाटला तरी मांडणारी ती होती, आणि जोखीमही तिचीच.

त्याच राष्ट्रीय पाहणीच्या आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीतला आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. देशभरात मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या शंभर बायकांपैकी ७७ जणींनी मदत मागणं दूरच, कोणाला सांगितलंही नव्हतं. तुमची जाऊ उरलेल्या तेवीस जणींत आली, आणि ती तुमच्यामुळे आली. तिने आईला नाही, भावाला नाही, विहिरीवर तुम्हाला मान दाखवली. तेव्हा ‘मी मध्ये पडू का’ हा प्रश्नच उरलेला नाही. तिने तुम्हाला आत घेतलं आहे. आता आत राहून काय करायचं एवढंच बघायचं.

बोलायचं काय, ते आधी. फार थोडं. ‘मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला काय करावंसं वाटतं?’ आणि मग थांबायचं. ती दहा मिनिटं काही बोलणार नाही, मिरची खुडत बसेल. बसू द्या. ‘तू तेव्हा काय बोललीस?’ हे विचारू नका, कारण त्यात ‘तूच काहीतरी बोलली असशील’ हे दडलेलं असतं आणि ते तिला ऐकू येतं. ‘पोरीकडे बघून सहन कर’ नको, तसंच ‘सोड त्याला, मी असते तर एक दिवस राहिले नसते’ हेही नको. दुसरं वाक्य तुम्ही प्रेमाने म्हणाल. पण घरात एक माणूस तिला उठ-बस सांगतोच आहे, तिथे दुसरं सांगणारं माणूस नको. कधी निघायचं, निघायचं की नाही, कोणाला सांगायचं, हे तिला ठरवू द्या. इतकी वर्षं तिच्या हातून जे हिसकावून घेतलं गेलं, ते हेच तर आहे.

आता जबरदस्तीचं. तुम्ही तो शब्द अवतरणात टाकलात आणि विचारलंत, नवराच असल्यावर याला काय म्हणायचं. ताई, तिने ‘नको’ म्हटलं आणि तरी झालं, तर त्याला जबरदस्तीच म्हणायचं, अवतरणाशिवाय. कायद्याची आजची स्थिती अशी की नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेली बळजोरी भारतीय दंड संहितेतल्या बलात्काराच्या व्याख्येत, कलम ३७५ मध्ये (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६३), अपवाद म्हणून बाहेर ठेवलेली आहे. मला हा अपवाद अन्यायाचा वाटतो. पण ‘म्हणजे काहीच करता येत नाही’ हा त्यातून काढलेला अर्थ चूक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात शारीरिक, मानसिक आणि आर्थिक छळासोबत लैंगिक अत्याचाराचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे, आणि तिथे नवऱ्याला सूट नाही. कलम ४९८-अ (२०२४ पासून न्याय संहितेचं कलम ८५) खाली क्रूरतेची तक्रारही होऊ शकते. तिला हे सांगताना कलमं नका सांगू. एवढंच सांगा की नवरा असला तरी तुझं ‘नको’ मोजलं जातं.

या संदर्भात वेळेला महत्त्व आहे, म्हणून इतर वाचकांसाठीही लिहिते. अशा रात्रीनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी जितक्या लवकर घ्याल तितकी चांगली, ७२ तासांच्या आत घ्यावी. घरातल्या किंवा परक्या, कोणत्याही पुरुषाने अत्याचार केला असेल तर सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे आहेत, आधी पोलिसांत जाऊन या असं म्हणायचं नाही. पुरावा हवा असेल तर शक्यतो आंघोळ न करता, अंगावरचे कपडे कागदात गुंडाळून सोबत घेऊन जावं. आंघोळ झालेली असली तरी जावं. आणि गर्भ राहिलाच, आणि तिला नको असेल, तर सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, कोणी मागितली तरी.

आता तुमच्या घराकडे येते.

रात्री बोलवायला एक खूण ठरवा. मला सुचलं ते विरजण. रात्री नऊ-साडेनऊला ‘वयनी, विरजणापुरतं दही असेल काय?’ असं कोणीही कोणाला विचारतं, त्याला संशय येत नाही. तिने किंवा मुलीने ते विचारलं की तुम्ही वाटी घेऊन जायचं, आणि पटकन परत यायचं नाही. मुलीला एवढंच शिकवा: आवाज चढला की मध्ये पडायचं नाही, तुमच्याकडे यायचं आणि दही मागायचं. नऊ वर्षांच्या पोरीला आईला वाचवायचं काम नसावं, पण तिला जायला एक दार असावं.

दही न मागताही आवाज आला तर? भांडण सोडवायला जाऊ नका. काम घेऊन जा. ‘भाऊजी, मोटर सुरूच होत नाही, बघता काय जरा?’ ‘गोठ्यात काहीतरी सळसळलं, बॅटरी घेऊन या.’ हाताला दुसरं काम लागलं की तो क्षण टळतो. फक्त क्षणच टळतो, पण कधी कधी तेवढंच हवं असतं. हे तुमच्या मिस्टरांनी केलं तर जास्त चांगलं. त्यांना सांगा, संसारात पडू नका, पडवीत बसा. थोरला भाऊ रात्री दहाला पडवीत विडी ओढत बसला आहे आणि त्याला सगळं ऐकू येतंय, हे धाकट्याला माहीत असणं यालाही वजन आहे. मात्र तिने तुम्हाला काय सांगितलं ते त्यांच्या तोंडून दिराकडे जाता कामा नये. ‘तू बायकोला मारतोस असं कळलं’ हे एक वाक्य पुरुष बाहेर सहज बोलून जातात आणि त्याची किंमत आत बाई मोजते.

भांडण पेटलं की चुलीपाशी, विळी-कोयता असतो तिथे थांबायचं नाही, आणि न्हाणीघरात शिरायचं नाही, कारण तिथे दुसरं दार नसतं. मागच्या पडवीकडे सरकत राहायचं. हे तिच्याशी दिवसा, शांतपणे, घरात चालून बघून ठरवा.

कागदांची सोय पावसानेच करून दिली आहे. जूनमध्ये आपल्याकडे प्रत्येक घरात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतातच. ‘सगळ्यांचे एकत्र ठेवते, ओल येईल’ म्हणून तिचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक, मुलीचा जन्माचा दाखला आणि लग्नाचा पुरावा तुमच्या ट्रंकेत ठेवा. थोडे पैसे, तिची रोजची औषधं, मोबाइलचा जुना चार्जर. बांधलेली बॅग नको, ती सापडली तर घात होईल. वाडीतला कोणता रिक्षावाला रात्री हाक मारली तर तोंड बंद ठेवून येईल, हे मला तुम्हाला सांगायला नको.

फोनचं काय? मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी सकाळी दोन तास मोबाइल वरच्या कलमांच्या बागेत नेतात, कारण रेंज तिथेच आहे, असं तुम्ही लिहिलंत. मुलीसोबत ती जाते. त्या दोन तासांत फोन तिच्या हातात आहे आणि आजूबाजूला कोणी नाही. बोलायचं असेल तर तुमच्या फोनवरून बोलावं, म्हणजे त्या मोबाइलवर नंबर उरत नाही. पोलिसांचा ११२, महिलांसाठी १०९१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. तुमच्या फोनमध्ये हे ‘गॅस’, ‘बियाणं’ अशा नावांनी ठेवा. एखादा लागत नाही असंही होतं, म्हणून दोन तरी ठेवा. वळांचे फोटोही तुमच्याच फोनमध्ये काढा, तारखेसह.

पोलिसांना तिच्या नकळत कळवू का, या प्रश्नाचं माझं उत्तर: जिवाचा धोका त्या क्षणी समोर दिसत असेल तर हो, एक मिनिट न थांबता. एरवी तिला विचारल्याशिवाय नको. गाडी येईल, समज देतील, एनसी (अदखलपात्र गुन्हा) नोंदवतील, गाडी जाईल. त्यानंतर दार लावून आत तीच उरते. गेल्या वर्षी एका बाईला ठाण्यातून ‘सगळे बंदोबस्तावर आहेत, कोरोना कमी झाल्यावर या’ म्हणून परत पाठवलं होतं. लॉकडाऊनमध्ये पोलीस ठाणं आणि दवाखाना हे दोन्ही उघडेच होते, तिला परत पाठवायला नको होतं. तिने दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली, तेव्हा हललं. म्हणून जायचं ठरलं तर लिहून न्या आणि शिक्का मारून पोच घ्या.

पोलिसांखेरीज आणखी एक वाट आहे, आणि मला ती तुमच्या जावेसाठी आधी बघावीशी वाटते. २००५ च्या त्याच कायद्याखाली महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. त्यांचा नंबर अंगणवाडी सेविकेकडून मिळेल. ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. न्यायालय त्याला ‘हिच्यावर हात उचलायचा नाही’ असा आदेश देऊ शकतं, गरज दिसली तर त्याची बाजू ऐकण्याआधीच. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुम्हीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकता. खरेपणाने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही.

आणि घराचं. तुमच्या पत्रात एक भीती लपलेली मला दिसली: प्रकरण वाढलं तर घराचे तुकडे होतील, नाहीतर तिला बाहेर काढावं लागेल. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ज्या घरात ती नांदली तिथे राहायचा तिचा हक्क कायदा मानतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सासरच्या माणसांच्या मालकीचं घरसुद्धा ‘सामायिक निवास’ ठरू शकतं. यात कोणाचा सातबारा बदलत नाही. तिला हिस्सा मिळतो असंही नाही. तिला हाकलता येत नाही, एवढंच. उलट न्यायालय मारणाऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. निघायचं तिनेच, हे आपण सगळ्यांनी इतकं धरून ठेवलं आहे की हा पर्याय कोणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. आणि तिलाच निघावंसं वाटलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवसांचा निवारा, डॉक्टर आणि समुपदेशक एका छपराखाली मिळतात.

गावकीत किंवा तंटामुक्ती समितीत हा विषय नेऊ नका. बांधाचा वाद तिथे छान मिटतो, कारण दोन्ही बाजू घरी जाऊन वेगवेगळ्या छपरांखाली झोपतात. इथे चार पुरुषांपुढे तिला रात्रीचं सगळं सांगायला लावतील, ती सांगू शकणार नाही, आणि ‘मिटलं’ असा कागद होईल.

तुमच्याबद्दल दोन शब्द. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की हल्ली दिवेलागणीपासून तुमच्याही पोटात गोळा येतो. येणारच. ऐकणाऱ्यालाही लागतं. तिचं नाव न घेता तुमच्या बहिणीशी बोला. आणि एखाद्या रात्री तुम्हाला उठता आलं नाही, भीती वाटली, तर स्वतःला दोष देत बसू नका. मारणारा तो आहे.

आता या आठवड्याचं काम. पाळी लांबली आहे, तिची वाट बघत बसू नका. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं तपासणीचं किट असतं, ते तुम्ही मागून आणू शकता. तुमच्या लसीचा दुसरा डोस बाकी आहे असं लिहिलंत. त्या दिवशी सोबत तिला न्या. ‘पहिल्या डोसला ताप आला होता, एकटी कशी जाऊ’ म्हटलं की कोणी अडवणार नाही. केंद्रात गेल्यावर सिस्टरना हळूच सांगा की हिला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय. डॉक्टरांनी ‘कशाने लागलं’ विचारलं तर तिने खरं सांगावं आणि केसपेपरवर तसं लिहून घ्यावं. एका बाईच्या केसपेपरवर मी ‘चिऱ्यावरून शेवाळात घसरली’ असं वाचलं होतं, तारीख एप्रिलची. भर उन्हाळ्यात शेवाळ कुठलं, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही, आणि पुढे न्यायालयात तोच कागद तिच्या विरोधात उभा राहिला.

डोस घेतल्यावर तुम्हाला अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. तो अर्धा तास तिचा. तुम्ही बाकावर बसा, घाई करू नका.

तुमची,
सदरलेखिका